म्हशीचं माणसाला लागू पडत नाही

जालना जिल्हा झाला त्याच वर्षी मी जालन्याच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. जिल्ह्याला कलेक्टर मिळाला आणि मला एक खोली मिळाली. आधी तिथं मोडके बाक ठेवत. बाक बाहेर काढले तेव्हा त्यांच्यामागून एक मांजर आणि तिची पिल्लंही निघाली. खोली आपल्या नावावर असल्यासारखं तिनं माझ्याकडं बघितलं आणि पिल्लं तोंडात धरून एकेक करून नेली. दारावर 'जीवरसायन संशोधन' अशी पाटी लागली. पुढं बरेच दिवस आत संशोधन म्हणावं असं काही नव्हतं. एक बेसिन होतं आणि त्याला पाणी नव्हतं.

माझा विषय होता वाढीचं संप्रेरक. म्हशीचं. म्हशीच्या मेंदूखाली, कवटीच्या तळाला हाडाची एक छोटी वाटी असते. तिच्यात सुपारीएवढी एक ग्रंथी बसलेली असते. तिच्यातून एक प्रथिन रक्तात उतरतं आणि त्याच्या जिवावर वगारीची म्हैस होते. हे प्रथिन ग्रंथीतल्या बाकी सगळ्या गाळातून वेगळं करायचं, शुद्ध करायचं आणि ते कसं आहे ते बघायचं. माझी सगळी नोकरी एवढ्यात बसते. निवृत्तीच्या कार्यक्रमात एका प्राध्यापकांनी ती आणखी आटवली. म्हणाले, "मॅडमनी आयुष्यभर म्हशी अभ्यासल्या."

ग्रंथी आणायला कत्तलखान्यात जावं लागायचं. मी शेतकऱ्याच्या घरातली, मंठ्याकडची. आमच्या गोठ्यात म्हशींना नावं होती. पहिल्या दिवशी मी काय मागतेय ते ऐकून तिथल्या म्हाताऱ्या कसायानं सुरी खाली ठेवली. मग म्हणाला, "पकाने कू?"

म्हटलं, "नाही, कॉलेजला पाहिजे."

"कॉलेज में पकाते?"

त्याची समजूत काढायला मला आठवडा लागला. पुढं कितीतरी वर्षं तो मला बर्फाच्या डब्यात ग्रंथी काढून देत राहिला. पण आम्ही त्या खात नाही यावर त्याचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. ईदला एकदा त्यानं मला त्यांची पाककृतीसुद्धा सांगितली.

प्रथिनाला थंडावा लागतो. उष्णतेनं ते नासतं. दूध नासलं तर निदान फाटतं, डोळ्यांना दिसतं. प्रथिन नासलं तरी पाणी जसंच्या तसं स्वच्छ दिसतं आणि तुम्ही महिनाभर मेलेल्या मालावर काम करत बसता. मोठ्या शहरांतल्या लोकांकडं यासाठी थंड खोल्या असतात, आत स्वेटर घालून काम करतात. माझ्याकडं एक फ्रीज होता आणि जालन्याचा उन्हाळा होता. मग मी आमच्या शेतासारखाच हंगाम धरला. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत काम करायचं, बाकीचं वर्ष वाट बघायची. बर्फाच्या कारखान्यातून भुशात गुंडाळलेल्या लाद्या आणायच्या. ग्रंथी वाटायच्या, गाळायच्या, क्षार टाकून प्रथिनं तळाला बसवायची. मग फ्रीजच्या जाळ्या काढून आत उभ्या केलेल्या काचेच्या नळीतून तो अर्क थेंब थेंब उतरवायचा. थेंब झेलायला नळकांड्या बदलत राहायच्या. त्याचं यंत्र मिळतं, पण ते यंत्र मीच होते. उघड्या फ्रीजसमोर स्टुलावर बसून मी नळकांड्या बदलायची. शिपाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "मॅडम हवा खाऊन राह्यल्या."

लाइट गेली की सगळं मुसळ केरात. लाइट रोज जायची.

विषयाचं नाव मात्र घातक होतं. वाढीचं संप्रेरक. कॉलेजातून ते गावात गेलं, गावातून तालुक्यात गेलं, आणि जाता जाता त्यातलं संप्रेरक गळून नुसती वाढ राहिली. जालन्यातली एक बाई उंची वाढवायचं औषध काढते म्हणे. मग लोक यायला लागले. एक वकील मुलीला घेऊन आले, स्थळं उंचीवर अडत होती. अंकुशनगरहून साखर कारखान्यातला एक बाप पोराला घेऊन आला, पोलीस भरतीला तो दोन बोटं कमी भरला होता. मी पोराला समजावलं, माझ्याकडं जे आहे ते म्हशीचं आहे.

पोरगा म्हणाला, "चालंल."

त्याच्या चेहऱ्यावर विनोदाचं नाव नव्हतं. मी त्याला सरळ सांगितलं की म्हशीचं माणसाला लागू पडत नाही. बाप हात जोडून म्हणाला, "तुमी मनावर घेतलं तर पडंल." निघताना दोघंही पाया पडले. मला फार राग आला आणि काय करायचं त्या रागाचं तेही कळेना.

आता मुद्द्यावर येते. मला एक थोरला भाऊ. वडील गेल्यावर त्यानंच मला शिकवलं. गावातले म्हणाले, पोरीला एवढं शिकवून काय करतोस? तो म्हणाला, बघू. कुठल्याच गोष्टीवर तो यापेक्षा जास्त बोलत नाही. दर भाऊबीजेला तो मंठ्याहून एसटीनं जालन्याला माझ्याकडं यायचा. पिशवीत सीताफळं असायची, त्यातली निम्मी गर्दीत दबलेली. मी ओवाळायची. मग तो जेवायला बसायचा आणि आमचं युद्ध सुरू व्हायचं.

हे युद्ध आमच्याकडं घरोघरी असतं. वाढणाऱ्यानं पुरणाची पोळी पुढं करायची. खाणाऱ्यानं "नको" म्हणून ताटावर हात आडवा धरायचा. वाढणाऱ्यानं ते ऐकायचं नाही. फारच अडून बसला तर पोळी त्याच्या हातावरच ठेवायची, वर तुपाची धार सोडायची, की झक मारत हात काढतो. पहिल्या "नको"ला आमच्याकडं किंमत नसते. पहिल्या "नको"ला जो खरंच थांबतो त्याला कंजूस म्हणतात, आणि पहिल्याच विचारण्याला जो "हो, वाढा" म्हणतो त्याला काय म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही. दादाच्या हातावर मी आयुष्यात किती पोळ्या ठेवल्या असतील, देव जाणे. एकदाही तो पहिल्या नकोला सुटला नाही.

दादाला पहिली मुलगी झाली, मग दोनेक वर्षांनी मुलगा. मुलगा वाढला. मुलगी राहिली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. घरात माणसं बारीकच आहेत, होईल, असं म्हणत म्हणत दिवस गेले. मग एका दिवाळीला मी गावी गेले तेव्हा पाहिलं, पोरीच्या अंगात तिच्या धाकट्या भावाला आखूड झालेला सदरा होता. साऱ्या जगात थोरल्याचं धाकट्याला येतं. वहिनी म्हणाली, "वन्स, हिला नवं शिवायची गरजच पडत न्हाई बघा." आणि हसली. हसताना तिचा आवाज फाटला. पोरगी मात्र त्या सदऱ्यात दोन हात खुपसून उभी होती आणि मला विचारत होती की म्हशीचं डोकं फोडताना रक्त निघतं का.

पोरगी हुशार होती, धडधाकट होती, चुरूचुरू बोलायची. फक्त वाढत नव्हती. शाळेत तिला रांगेत सगळ्यांत पुढं उभं करायचे आणि मास्तर बदलला की नवा मास्तर तिला बालवाडीकडं हाकलायचा. काय झालं असावं ते मला कळत होतं. ज्या सुपारीएवढ्या ग्रंथीवर मी पोट भरत होते, तीच तिच्या डोक्यात पुरेसं काम करत नसावी. अशा मुलांना माणसाचंच संप्रेरक द्यावं लागतं. आणि ते हाडांची टोकं जुळून यायच्या आत द्यावं लागतं. हाडं एकदा बंद झाली की मग अमृत पाजा, उपयोग नाही.

पुढच्या भाऊबीजेला दादा जेवायला बसला आणि त्यानं विषय काढला.

"बाई, तुझं ते औषध कुठवर आलं?"

"औषध न्हाई दादा ते. म्हशीच्या ग्रंथीतलं संप्रेरक आहे."

"वाढीचंच ना?"

"वाढीचंच, पण म्हशीच्या. म्हशीचं माणसाला लागू पडत न्हाई."

"दूध पडतंय की."

मग मी त्याला समजावलं. दूध पोटात जातं आणि पचतं. हे पचलं तर संपलंच, आणि सुईनं टोचलं तरी माणसाचं शरीर त्याला ओळखत नाही. आपल्या घराची किल्ली शेजारच्या कुलपाला लावून बघ, शिरेल पण फिरणार नाही. दादानं नीट ऐकून घेतलं. मान डोलावली.

मी म्हटलं, "पोरीला औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात दाखव. जल्दी दाखव. माझ्या कामाशी याचा काही संबंध न्हाई."

"हो हो. दाखवतो की. बराबर आहे."

मग मी पोळी पुढं केली. तो "नको" म्हणाला. मी वाढली.

हेच बोलणं आमचं दोन भाऊबीजांना झालं. दोन्ही वेळा मी नाही म्हणाले आणि तो हो म्हणाला. त्यानंतर मी हैदराबादला गेले. तिथल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत मला काम करायला मिळालं. तिथं थंड खोली होती, नळकांड्या आपोआप बदलणारं यंत्र होतं, आणि लाइट जात नव्हती. पहिले काही दिवस मी त्या यंत्रासमोर नुसती बसून राहायची, सवयीनं. जालन्यात कित्येक हंगामांत जे झालं नाही ते तिथं झालं. शेवटच्या तपासणीत प्रथिनं अलग करणाऱ्या जेलच्या पट्टीवर एकच रेघ उमटली. एकच रेघ म्हणजे एकच प्रथिन, बाकी सगळं निघून गेलं. स्वच्छ. त्या रेघेकडं बघून मी रडले हे कुणाला सांगितलं नाही, कारण म्हशीच्या प्रथिनासाठी रडणारी बाई कोणत्याच भाषेत समजावून सांगता येत नाही. दोनतीन वर्षं मी भाऊबीजेला जालन्यात नव्हते. गावाकडून निरोप यायचे, सगळं ठीक आहे, पोरीचं बघून राह्यलो.

मी डॉक्टरेट घेऊन परत आले तेव्हा गावानं माझा सत्कार ठेवला. शाळेच्या पटांगणात मांडव, शाल, नारळ, भाषणं. सरपंच म्हणाले की आपल्या गावच्या लेकीनं वाढीचा शोध लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल सावरत बसले होते. तेवढ्यात दादा उठला. माझा हा भाऊ ग्रामसभेतसुद्धा तोंड उघडत नाही. तो पोरीचा हात धरून तिला स्टेजवर घेऊन आला. ती तेव्हा अकरा वर्षांची होती आणि पाहणाऱ्याला पहिलीतली वाटली असती. नवं परकर-पोलकं, डोक्याला तेल, कपाळाला गंध. दादा माइकजवळ गेला.

"हिच्यासाठी आम्ही थांबलो होतो," तो म्हणाला. "पहिलं इंजेक्शन हिला."

मांडवात अशा टाळ्या पडल्या की कुत्री भुंकायला लागली. पोरगी माझ्याकडं बघून हसत होती. मी माइक हातात घेतला आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत छोटं भाषण केलं.

"म्हशीचं माणसाला लागू पडत नाही."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "पाहा, एवढी शिकली, पण बिलकुल गर्व न्हाई."

घरी आल्यावर मी वहिनीला चुलीपाशी गाठलं. विचारलं, दवाखान्यात काय म्हणाले?

"कुठल्या दवाखान्यात?"

"औरंगाबादच्या. दादा घेऊन गेला होता ना हिला?"

वहिनीनं पदर तोंडाला लावला. "ह्यांनी न्हाई नेलं वन्स. मी म्हणल्ते. तर म्हणले, घरचं होऊन राह्यलंय, भायेरच्याकडं कशाला जायचं? उद्या तिला कळलं तर म्हणंल, माझ्यावर भरवसा न्हाई भावाचा. तुमचं मन दुखंल म्हणून न्हाई गेलो."

माझं मन दुखेल म्हणून. मी तशीच ओसरीवर गेले. दादा लोकांना सुपारी देत बसला होता. मी चारचौघांसमोर त्याला विचारलं, मी नाही म्हणाले होते ना? एकदा नाही, दोनदा म्हणाले होते ना?

"म्हणली होतीस की," तो शांतपणे म्हणाला. "तू काय पहिल्या बारीला हो म्हणणार व्हय?"

"आणि तू नेतो म्हणाला होतास."

"तू एवढं सांगून राह्यली, मंग न्हाई कसं म्हणायचं?"

ओसरीवरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांना यात काही वावगं दिसत नव्हतं. त्या क्षणी मला दादाचा, स्वतःचा, त्या शालीचा आणि सबंध तालुक्याचा असा संताप आला की मी तिथून उठून गोठ्यात जाऊन उभी राहिले. म्हशी रवंथ करत होत्या. त्यांची वाढ व्यवस्थित झालेली होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी पोरीला औरंगाबादला घेऊन गेले. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि तिच्या मनगटाचा एक्स-रे काढला. हाडांचं वय मनगटात दिसतं. पोरगी अकराची असली तरी तिची हाडं सहासात वर्षांच्या मुलीची होती. म्हणजे ती अजून बंद झालेली नव्हती. मी आयुष्यात इतक्या आशेनं काहीही बघितलेलं नाही, ती जेलची रेघसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, वेळ आहे, पण फार नाही. माणसाचं संप्रेरक आता जिवाणूंकडून तयार करून घेतात. परदेशातून येतं. रोज संध्याकाळी एक सुई, कित्येक वर्षं. खर्च कसा निभावला ते सांगत बसत नाही. निभावला.

गावात लाइटचा भरवसा नव्हता, म्हणून पोरगी माझ्याकडं जालन्याला राहायला आली. माझ्या फ्रीजच्या दारात लोणच्याच्या बरणीशेजारी तिच्या कुप्या उभ्या राहिल्या. कुपीतल्या भुकटीत पाणी सोडायचं आणि कुपी नुसती अलगद तळव्यात फिरवायची. जोरात हलवली की फेस येतो, आणि फेसात प्रथिन मरतं. एकदा वहिनी राहायला आली होती. तिनं खोकल्याच्या औषधाची बाटली हलवतात तशी कुपी हलवायला घेतली. पोरगी किंचाळली नाही. शांतपणे आईच्या हातातून कुपी काढून घेत म्हणाली, "आई, ते मरतंय." वहिनी घाबरून हात जोडून उभी राहिली. कुणाची माफी मागावी ते तिला कळेना.

दादाला मात्र पक्की खात्री होती की हे माझंच औषध आहे. खोक्यावरची अक्षरं परदेशी होती, तर तो म्हणे, बाईनं लाजेखातर दुसऱ्याचं नाव लावलंय. मी कितीही नाही म्हणाले तरी काय उपयोग, माझ्या नाहीचं काय होतं ते आता मला माहीत होतं. पिंपळगावच्या रेणुकाईपुढं औषध ठेवायचं म्हणून तो कुप्या मागायला आला. वैशाखातलं ऊन, पिशवीतून एसटीचा प्रवास. मी त्याला रिकामा खोका दिला. त्यानं तो भक्तिभावानं नेला, हळदीकुंकू लावून परत आणला. रिकामा आहे हे त्याला माहीत होतं. म्हणाला, "देवीला काय टोचायचंय?"

आणि पोरगी वाढली. एका दिवाळीला वहिनीनं तिच्या अंगाला तिचं आदल्या वर्षीचं पोलकं लावून बघितलं. ते कमरेच्या वर राहिलं. वहिनीनं ते खाली ओढलं, पुन्हा ओढलं, मग तसंच हातात धरून मटकन खाली बसली. बराच वेळ रडत होती. पोरगी म्हणाली, "आई, शिलाई उसवली." ते आखूड झालेलं पोलकं वहिनीनं धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवलं. कुणाला दिलं नाही.

या सगळ्या वर्षांत मी म्हशीवरच काम करत होते. दिवसा म्हशीचं प्रथिन, संध्याकाळी माणसाचं. कागदावर बघितलं तर दोघांत फरक फार नाही. निम्म्याहून जास्त घडण सारखी आहे, दुमडण्याची रीत सारखी आहे. तरी किल्ली फिरत नाही. हा फरक नेमका कुठं आहे यावर मी एक शोधनिबंध लिहिला. तो छापून आला. वाचल्याचं एकाच माणसानं कळवलं, आणि त्याला त्यात एक चूक सापडली होती.

मग हाडं बंद झाली. ती होणारच होती. शेवटच्या तपासणीला दादा म्हणाला, मी पण येतो. डॉक्टरांनी नवा एक्स-रे उजेडापुढं धरला, मनगटातली टोकं जुळलेली दाखवली आणि सांगितलं, आता सुया थांबवायच्या. पोरगी माझ्या कानाला लागत होती, आणि मी काही उंच नाही. डॉक्टर म्हणाले, छान वाढली, जितकी वाढू शकत होती तितकी वाढली. मग एक्स-रे पाकिटात घालता घालता सहज म्हणाले, "थोडी वर्षं आधी आणली असती तर भावाच्या बरोबरीनं गेली असती."

दादानं विचारलं, "तव्हा हे औषध व्हतं का?"

"मुंबईत मिळायला लागलं होतं. दाखवायला आणलं असतं तर सुरू केलं असतं."

"आन् हे औषध, हे कुणी केलेलं आहे?"

डॉक्टरांनी परदेशातल्या कंपनीचं नाव सांगितलं. दादानं माझ्याकडं बघितलं. जालना येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. पोरगी मधल्या सीटवर बसून सांगत होती की आता तिला डी.एड. करायचंय. मास्तरीण होणार. फळ्याच्या वरच्या भागाला हात पुरणार नाही, तर खालच्या अर्ध्यात लिहीन, पोरांनाही खालचंच दिसतं. आणि आत्या, दर महिन्याला माझी उंची भिंतीवर मोजतेस, ते आता बंद कर. मी बरं म्हटलं.

त्यानंतरची भाऊबीज. दादा आला, सीताफळं आणली. मी ओवाळलं. पोरगी माझ्याकडंच होती. तिनं पाट मांडला, पाणी ठेवलं. दादा जेवायला बसला. पहिली पोळी खाल्ली, अगदी सावकाश. मग ताटाकडं बघतच म्हणाला,

"बाई, तू तव्हा न्हाई म्हणायचीस, ते खरंच न्हाई व्हतं?"

"खरंच न्हाई होतं, दादा."

"आन् मी नेतो म्हणायचो."

"ते मी खरं धरलं."

त्यानं मान हलवली. पोरीकडं बघितलं. ती कोशिंबिरीचं भांडं शोधायला फळीकडं वळली होती, टाचा उंच करून. तिचा हात पुरला नाही. तिनं शेजारचं स्टूल ओढलं, त्यावर चढून भांडं काढलं आणि खाली उतरली. तिच्या दृष्टीनं यात काही विशेष नव्हतं.

मी दुसरी पोळी घेऊन पुढं झाले. दादानं ताटावर हात आडवा धरला.

"नको."

मी तशीच वाकून उभी राहिले. पोळी माझ्या हातात होती, तूप दुसऱ्या हातात. त्याचा हात ताटावर होता. नांगरानं जाड झालेला, बोटं थोडी वाकलेली.

"वाढ की आत्या," पोरगी बापाकडं बघत म्हणाली. "आबा असंच म्हणतात."

मी पोळी परत दुरडीत ठेवली. दादानं हात काढला आणि हात धुवायला उठला.